किक-बासचे भांडण ईक्यूआधी वेळेचे

मा. संपादक,
स. न.

घरच्या संगणकावर गाणे मिक्स करणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बास एकमेकांत मिसळले की मिक्सचा तळ गढूळ होतो, हे निदान बरोबर आहे. उपाय मात्र एका ओळीत उरकला आहे : ईक्यूवर, म्हणजे ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या साधनावर, किक ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० कंपने) उचला, बासला तिथेच खड्डा पाडा. ही ओळ इतक्या वेळा इतक्या ठिकाणी छापून आली आहे की ती तपासून पाहावी असे कुणाला वाटत नाही. तपासली तर पहिल्याच गाण्यात फसते.

बास गिटारच्या चार मोकळ्या तारा खालून वर ई, ए, डी, जी अशा लावतात. त्यांच्या मूळ वारंवारता अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झ. बासवर ६० हर्ट्झला अरुंद, ६ डेसिबलचा खड्डा पाडला की ए आणि त्याच्या जरा वरचा बी (६१.७) हे दोन स्वर खाली बसतात, ई आणि डी मात्र जवळपास जागच्या जागी राहतात. वादकाने एकसारख्या जोराने वाजवलेली ओळ लंगडायला लागते. मग ती सरळ करायला कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारे साधन), कॉम्प्रेसरने दबलेले परत आणायला आणखी ईक्यू, आणि तासाभराने मूळ ट्रॅकपेक्षा वाईट काहीतरी हातात. किक एकाच स्वरावर वाजते, बास स्वर बदलत राहतो. बदलत्या गोष्टीला स्थिर खड्डा पुरत नाही.

याहून मोठा मुद्दा वेगळाच आहे. किक आणि बास यांचे भांडण जितके वारंवारतेचे, त्याहून जास्त वेळेचे असते. एक उदाहरण जवळून पाहू. समजा किकचा खालचा स्वर ५० हर्ट्झचा आहे आणि त्याच क्षणी बासने ए, म्हणजे ५५ हर्ट्झ, धरला. ठोका पडताना दोन्ही लहरी एकाच दिशेने निघाल्या. दोघींत सेकंदाला ५ कंपनांचा फरक. म्हणजे १०० मिलिसेकंदांनी त्या एकमेकींच्या नेमक्या उलट झालेल्या असतात आणि २०० मिलिसेकंदांनी पुन्हा एका दिशेला. जवळजवळ जुळलेल्या दोन तारा एकदम छेडल्यावर जो डोल ऐकू येतो, तोच हा. फक्त तो इतक्या खर्जात आणि इतका थोडा वेळ असतो की डोल म्हणून कळत नाही. कळते ते एवढेच की ठोका पडला आणि लगेच तळ निसटला. दोन लहरी सारख्या ताकदीच्या आणि एका दिशेला असतील तर बेरीज ६ डेसिबलने वाढते. पूर्ण उलट असतील तर काहीच उरत नाही. प्रत्यक्षात या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आपण हेलकावे खात असतो.

इथे ईक्यू काय करणार? ५० हर्ट्झला कापायला गेलो तर ५५ सुद्धा कापले जाते. तिथे जागाच नाही. पण किकची शेपटी १०० मिलिसेकंदांपर्यंत बरीचशी विरली असेल, तर लहरी उलट होतात तेव्हा भांडायला समोर कुणी उरतच नाही. म्हणून पहिला हात किकच्या लांबीला.

हिशेब सोपा आहे. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला किती मात्रा) भागले की एका मात्रेची लांबी मिलिसेकंदांत मिळते. १२० बीपीएमला ५०० मिलिसेकंद. त्यात किकचा सॅम्पल (आधीच ध्वनिमुद्रित केलेला तुकडा) ४०० मिलिसेकंद घुमत असेल आणि ती दर मात्रेला पडत असेल, तर बासला मोकळे मिळतात फक्त १००. सुरुवातीला किक १५० ते २५० मिलिसेकंदांत आणावी आणि तिथून कानाने कमी-जास्त करावी. सॅम्पलरमध्ये डीके (आवाज विरायला लागणारा वेळ) कमी करून हे होते. ट्रॅकवर ऑडिओ असेल तर क्लिपच्या शेवटाला फेड द्यावा. नुसती कात्री मारली तर लहर मधेच तुटून प्रत्येक ठोक्यामागे बारीक ‘टक्’ येते, आणि ती टक् नंतर मिक्समध्ये कुठून येते ते शोधता शोधता जीव जातो. खरा ड्रम असेल तर आधी ड्रममध्येच उशी किंवा घडी केलेले ब्लँकेट घालून पाहावे, नंतर गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज दाबणारे साधन). गेटने पूर्ण शांतता आणायचा हट्ट नको. १०-१५ डेसिबलने खाली आणले तरी पुरते. पूर्ण बंद केले तर किकच्या माइकमध्ये शिरलेला झांजांचा आवाज दर ठोक्याला उघडझाप करतो. उलट बाजूही सांगायला हवी : ७० बीपीएमच्या गाण्यात मात्रा ८५७ मिलिसेकंदांची असते. तिथे किक १०० वर आणून ठेवली तर पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखी वाजते. संथ गाण्यात शेपटीला जागा असते, ती वापरावी.

बासच्या बाजूने पाहायचे ते स्वर कुठे संपतो. कुठे सुरू होतो याकडे सगळ्यांचे लक्ष असते, शेवटाकडे क्वचितच. मिडीवर (संगणकात स्वर नोंदवायच्या पद्धतीत) बास लिहिताना बहुतेक जण स्वर एकमेकांना चिकटवून ठेवतात, त्यामुळे दर वेळी किक आधीच्या स्वराच्या अंगावर पडते. किकच्या आधी २०-३० मिलिसेकंद स्वर सोडला तर ठोका एकदम उठून दिसतो, आणि त्यासाठी एकही प्लगइन लावावा लागत नाही. दोघे एकाच क्षणी वाजत असतील तर किकचा ‘टक’ आधी आणि बासचा भरीवपणा ५-१० मिलिसेकंद मागून आला तरी कानाला तो एकच ठोका वाटतो. बास आधी आला तर मात्र किक उशिरा आल्यासारखी, आळसावलेली वाटते. खरे सांगायचे तर मिक्सच्या नावाने ओरडा होतो ते बरेचसे दोष संगीत-संयोजनातले असतात. किक जिथे पडत नाही तिथे बास हलवला, तर मिक्स करणाऱ्याला जवळपास काही करायला उरत नाही.

दुसरा मुद्दा फेजचा, म्हणजे लहर आपल्या फेऱ्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्याचा, आणि इथे लेखात एक चूक आहे. लेख ज्याला ‘फेजचे बटण’ म्हणतो ते चॅनेलवरचे बटण फेज ‘बदलत’ नाही. ते पोलॅरिटी उलटवते, म्हणजे लहरीचा वरचा भाग खाली आणि खालचा वर. वेळ तसूभर सरकत नाही. हा फरक पुस्तकी नाही. बास गिटारचा एक ट्रॅक थेट डीआयमधून (वाद्याची तार सरळ ध्वनिमुद्रणाला जोडणाऱ्या डबीतून) आणि दुसरा अँप्लिफायरसमोरच्या माइकमधून घेतला असेल, तर माइकचा ट्रॅक उशिरा येतो. हवेत आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे माइक १ मीटर लांब असेल तर सुमारे ३ मिलिसेकंद. ४८ किलोहर्ट्झवर सुमारे १४० सॅम्पल (डिजिटल आवाजाचे सुटे ठिपके). एवढ्या उशिराने १७० हर्ट्झच्या आसपास दोन्ही ट्रॅक एकमेकांच्या उलट येतात आणि बासचे अंगच पोकळ होते. पुढे ५१५ हर्ट्झच्या आसपास पुन्हा तेच. पोलॅरिटीचे बटण दाबले तर हे खड्डे सरकून दुसरीकडे जातात आणि खालचा खर्ज पातळ होतो. उपाय एकच : लहर मोठी करून पाहायची, माइकचा ट्रॅक तेवढा आधीच्या वेळेकडे ओढायचा, मग दोन्ही मोनोमध्ये सारख्या पातळीला ठेवून बटण दाबून आणि सोडून ऐकायचे. ज्यात तळ भरीव वाटेल तीच बाजू ठेवायची.

किक आणि बास यांच्यामध्येही हेच बटण एकदा दाबून पाहावे. सॅम्पलची किक असेल तर ती उलटी केल्याने बिघडत काही नाही, आणि कधी कधी हरवलेला दणका तेवढ्याने परत येतो. सिंथवरचा बास असेल तर आणखी एक गोम आहे. बऱ्याच सिंथमध्ये ऑसिलेटर (लहर तयार करणारा भाग) मोकाट फिरत असतो. प्रत्येक स्वर लहरीच्या वेगळ्या टप्प्यावर सुरू होतो. मग एक ठोका दणदणीत, पुढचा फुसका, आणि हातातले काहीही न बदलता. तिथे रीट्रिगर चालू करावे, म्हणजे प्रत्येक स्वर एकाच जागेवरून निघतो. ते जमत नसेल तर बास ऑडिओत उतरवून घ्यावा आणि चांगला लागलेला स्वर इतर ठिकाणी चिकटवावा.

एवढे झाल्यावर ईक्यू. आणि तेव्हा प्रश्न ‘किती हर्ट्झ’ हा नसून ‘खाली कोण’ हा असतो. गाण्याच्या पट्टीतला बासचा सर्वांत खालचा, वारंवार येणारा स्वर शोधावा. तो ई किंवा एफ (४३.७) असेल तर तळ बासला देऊन किकला ६० ते ९० च्या पट्ट्यात बसवणे सोयीचे. बास बहुतेक वेळ ए च्या वर राहत असेल तर किक ४५-५० ला खाली ठेवता येते. सॅम्पलची किक असेल तर तिचा सूरही एक-दोन स्वर खाली-वर करून पाहावा. ईक्यूपेक्षा हे कितीतरी स्वच्छ. किकमधला खोक्याचा आवाज साधारण २५० ते ४०० हर्ट्झमध्ये असतो. तिथून ३-४ डेसिबल काढले की बासच्या अंगाला जागा होते. किकचा ठसका २ ते ४ किलोहर्ट्झला, बासवरच्या बोटांचा आणि तारेचा आवाज ७०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झच्या आसपास. गंमत अशी की तळातले भांडण पुष्कळदा या वरच्या टोकांनी मिटते. कान ठसक्यावरून किक ओळखतो, बोटांवरून बास ओळखतो आणि खालचा आवाज ज्याचा त्याला वाटून टाकतो.

दोन सावधगिऱ्या. एक, हे सगळे सोलोमध्ये करू नये. एकटी ऐकताना भव्य वाटणारी किक बाकी वाद्यांत पुष्कळदा जाड होते. दुसरी, सगळ्यांत खालचे कापायला २५-३० हर्ट्झचा हाय-पास (खालचे कापून वरचे जाऊ देणारा फिल्टर) लावायला हरकत नाही, पण उतार सौम्य ठेवावा, ऑक्टेव्हला १२ डेसिबलचा. फार तीव्र उताराचा फिल्टर कापलेल्या जागेच्या वरच्या स्वरांचाही फेज फिरवतो, आणि आत्ताच जुळवलेली जोडी पुन्हा विसकटते.

साइडचेन आता. यावर जेवढे लिहिले जाते तेवढी त्याची गरज पडत नाही, पण बासचे स्वर लांब धरलेले असतील आणि किक त्यांच्यावर पडणारच असेल तर दुसरा इलाजही नाही. बासवर कॉम्प्रेसर, त्याला चावी किकची, म्हणजे किक वाजली की बास दबेल. रेशो (दाबण्याचे प्रमाण) ४:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १ ते ५ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) ८० ते १२० मिलिसेकंदांच्या आसपास, आणि थ्रेशोल्ड (दाबणे सुरू होते ती पातळी) असा की किक पडली की बास २ ते ४ डेसिबल खाली जाईल. बास दबतोय हे ऐकू येता कामा नये, किक पुढे आली एवढेच कळावे. रिलीज फार छोटा केला, १०-१५ मिलिसेकंदांचा, तर मात्र घोटाळा होतो. खालच्या ई चे एक कंपन पुरे व्हायला २४ मिलिसेकंद लागतात. कॉम्प्रेसर त्याहून चपळ झाला की तो आवाजाची पातळी सोडून लहरीच्याच मागे धावतो, तिचा आकार मोडतो, आणि बास खरखरतो. रिलीज फार मोठा केला तर पुढची किक येईपर्यंत बास वर येतच नाही. मग फेडर वाढवला जातो आणि साइडचेनचा अर्थच उरत नाही. अटॅक अगदी शून्याला नेला तर दर ठोक्याला बासमध्ये बारीक टिकटिक ऐकू येते.

खऱ्या ड्रमच्या किक-माइकमध्ये स्नेअरही शिरलेला असतो, आणि तो चावीत आला की बास स्नेअरवरही दचकतो. चावीला आधी गेट लावावे किंवा तिच्यातले १००-१५० हर्ट्झच्या वरचे कापावे. त्याहून चांगला मार्ग बासचा फक्त खालचा पट्टा दाबण्याचा. मल्टिबँड कॉम्प्रेसर किंवा डायनॅमिक ईक्यू (दोन्ही निवडलेला पट्टाच गरजेपुरता दाबतात) १२० हर्ट्झच्या खाली लावला तर बोटांचा आवाज जागेवर राहतो आणि बास दबल्याचे कुणालाच कळत नाही. नाचाच्या संगीतात ८-१० डेसिबलने दाबून बासला श्वास घेतल्यासारखा उघडा हेलकावा देतात, तो भाग वेगळा. ती शैली आहे, दुरुस्ती नाही.

पातळी लावायची एक जुनी युक्ती आहे. व्हीयू मीटर (आवाजाची सरासरी पातळी दाखवणारा काटा) उणे १८ डीबीएफएसला, म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली, शून्य दाखवेल असा लावायचा. एकटी किक उणे ३ वर आणायची. मग बास सुरू करून दोघे मिळून शून्यावर येईपर्यंत त्याचा फेडर उचलायचा. एकमेकांशी संबंध नसलेले दोन सारख्या ताकदीचे आवाज एकत्र आले की ३ डेसिबल वाढतात, त्यावर ही युक्ती उभी आहे. पण तिला नियम मानू नये. व्हीयूचा काटा पूर्ण वर जायला सुमारे ३०० मिलिसेकंद घेतो. आपण आखडलेली किक त्याला असते त्याहून कमी वाटते. एक-दोन डेसिबलची चूक गृहीत धरावी आणि मग कानावर सोडावे.

कान तरी कुठे बसून ऐकतो हा खरा त्रास आहे, आणि लेखात खोलीचा उल्लेखही नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींत ३.४३ मीटर अंतर असेल तर ५० हर्ट्झची अर्धी लहर त्यात नेमकी मावते. अशा खोलीच्या मधोमध बसणाऱ्याला ५० हर्ट्झ जवळपास ऐकूच येत नाही आणि भिंतीला टेकून बसणाऱ्याला भलताच जास्त येतो. मधे बसलेला माणूस किक वाढवत जातो. दुसरीकडे ऐकणारा कान धरतो. भिंतीला चिकटवलेल्या दोन इंची फोमचा इथे काही उपयोग नाही, कारण ५० हर्ट्झची लहर जवळजवळ ७ मीटर लांब असते. निदान एवढे करावे : ४० ते १२० हर्ट्झपर्यंत ५-५ च्या टप्प्याने शुद्ध स्वर वाजवावेत आणि बसल्या जागी कोणते गायब होतात, कोणते अंगावर येतात ते कागदावर लिहून भिंतीला लावावे. त्या स्वरांबद्दल निर्णय घेताना स्पीकरवर विश्वास ठेवू नये, हेडफोन घालावा. खुर्ची अर्धा मीटर पुढे-मागे केल्यानेही चित्र बदलते. आवाजाची पातळीही बेताची हवी. कमी आवाजात कान खर्ज कमी ऐकतो, मोठ्या आवाजात जास्त, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. मोठ्याने मिक्स केलेल्या गाण्याचा तळ हळू ऐकताना म्हणूनच नाहीसा होतो.

फोनच्या स्पीकरवर तर ४१ किंवा ५५ हर्ट्झ मुळी वाजतच नाहीत. तरीही चांगल्या मिक्समध्ये बासची चाल फोनवर कळते, कारण ८२, १२४, १६५ असे वरचे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले स्वर) क्रमाने मिळत गेले की कान खालचा न वाजलेला स्वर स्वतःच भरून काढतो. बास शुद्ध साइनसारखा असेल तर त्याच्याकडे हे हार्मोनिक नसतात. त्याची एक प्रत काढून तिला १५० हर्ट्झला हाय-पास द्यावा, ती सॅच्युरेशनने (नवे हार्मोनिक आणणाऱ्या सौम्य विकृतीने) चांगली खरवडावी आणि मूळ बासखाली ऐकू येईल-न येईल इतकी मिसळावी. मिसळल्यावर मोनो करून पुन्हा तपासावे, कारण त्या हाय-पासनेही फेज फिरलेला असतो. बासवर कोरस किंवा स्टिरिओ रुंद करणारा इफेक्ट लावायचाच असेल तर तो या वरच्या प्रतीवर लावावा. १०० हर्ट्झच्या खालचे सगळे मोनोत असावे. डाव्या-उजव्या बाजूला उलट फेजचा खर्ज मोनो स्पीकरवर नाहीसा होतो, आणि तबकडी कापताना खाच खोल-उथळ होऊन सुई उडते.

आपल्या लेखासोबतच्या तक्त्यात किकपुढे ६० आणि बासपुढे ‘८० ते १००’ असे छापले आहे. चार तारांच्या बासवरचे २० फ्रेटपर्यंतचे स्वर धरले तर मूळ वारंवारता ४१ पासून ३११ हर्ट्झपर्यंत जातात, आणि पाच तारांच्या बासची बी तार ३०.९ वर असते. त्यामुळे त्या ‘८० ते १००’ मध्ये मोजके तीन-चार स्वर बसतात. तक्ता पुन्हा छापायची वेळ आली तर वाद्यांच्या नावांऐवजी ई पासून वरच्या ई पर्यंतचे बारा-तेरा स्वर आणि त्यांच्यासमोर हर्ट्झ असे द्यावे, शेजारी ६० ते १४० बीपीएमपर्यंत मात्रेची लांबी मिलिसेकंदांत. आणि ‘फेजचे बटण’ जिथे लिहिले आहे तिथे ‘पोलॅरिटीचे बटण’ अशी दुरुस्ती करावी, ही विनंती.

आपला,
एक ध्वनिमिश्रक